एका काडीत दोन विड्या

आधीच सांगून टाकतो, मला उपदेश सहन होत नाही. अख्खी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं काढलेला माणूस मी, पुंजा अहिरे, मनमाड जंक्शनचा गार्ड. हल्ली म्हणे गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. म्हणोत बापडे! आम्ही गार्ड होतो, गार्डच मरू. तर अशा माणसाला छातीत कळ आली म्हणून नाशिकच्या हॉस्पिटलात आडवं केलं, मनगटातून तार घालून हृदयात स्प्रिंग बसवली आणि वॉर्डात आणून टाकलं. मग जो येईल तो एकच ऐकवायला लागला, सिगारेट सोडा. डॉक्टर म्हणाले, सोडा. मुलगी म्हणाली, सोडा. शेजारच्याला भेटायला आलेला कुणाचा तरी साडू, तोही जाता जाता मला सोडा म्हणून गेला. सगळे उंटावरचे शहाणे.

त्यात छाया खैरनार आली. पन्नाशीची, ठेंगणी, एका गुडघ्याला पट्टा, आणि आवाज असा की लिफ्टमध्ये बोलली तर वॉर्डात ऐकू यावं. पूर्वी ती याच वॉर्डात सिस्टर होती. गुडघे गेले, उभं राहवेना, तेव्हा हॉस्पिटलनं तिला जिन्याखालची खोली दिली आणि दारावर 'तंबाखूमुक्ती समुपदेशन' अशी पाटी लावली. एवढं मोठं नाव कोण घेतो? पेशंट तिला विडीवाल्या बाई म्हणतात. तिलाही ते आवडतं.

मी तोंड फिरवून पडलो होतो. तिनं स्टूल ओढलं, बसली आणि म्हणाली, "गार्डसाहेब, दिवसातली सगळ्यात गोड सिगारेट कुठली?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"सगळ्या काही गोड नसतात. निम्म्या तर उगाच ओढतो माणूस. पण एक असते, जिच्यासाठी जीव टाकतो. ती कुठली?"

असं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. बायकोनंही नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी सुटली, हिरवा बावटा दाखवून झाला, शेवटचा डबा फलाटाबाहेर पडला की, ती." रिटायर होऊनही घर नाशिकरोडला रुळालगतच. संध्याकाळची मालगाडी गेली की हात अजून खिशात जातो.

"मग बाकीच्या तुमच्या तुम्ही सोडाल," ती म्हणाली. "भिऊन सोडाल. या एकीपुरती मी आहे."

आणि खरंच, घरी आल्यापासून मालगाडी गेली की तिचा फोन येतो. बोलते काय? काहीही. भेंडी महागली, स्कूटर पंक्चर झाली, सून ऐकत नाही. एक सिगारेट संपायला जेवढा वेळ लागतो तेवढं बोलते, मग "चला, संपली" म्हणून ठेवून देते. सोडा असं तिनं मला अजून एकदाही म्हटलेलं नाही.

लोकांना वाटतं, हिच्या घरात कोणीतरी विडीपायी गेलं असणार, त्याशिवाय का एवढी धडपड? मीही विचारलं होतं. ती खो खो हसली. "माझा बाप सटाण्याला ठणठणीत बसलाय. दिवसभर तपकीर ओढतो आणि माझ्याच अंगावर शिंकतो. जगाला शिकवते, बाप ऐकत नाही माझा!"

पण मला सांगायचंय ते लहानूआबाचं.

लहानूआबा माझ्या शेजारच्या खाटेवर होता. मखमलाबादच्या पुढे त्याची झेंडू-शेवंतीची शेती, फुलं पंचवटीच्या बाजारात जायची. नाव लहानू, पण दोन भावांत थोरला तोच. काटक, काळा, बोलायला अगदी कंजूष. त्याचा झटका माझ्यापेक्षा मोठा होता. डॉक्टर त्याच्या तोंडावर म्हणाले होते, "आजोबा, पुढची विडी ओढलीत तर पुढच्या वेळी माझ्यापर्यंत पोचणार नाही तुम्ही." लहानूआबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला नाय सोडायची."

मग तमाशा! बायको गोजराबाई पदर तोंडात धरून रडायची. मुलगा शेखर आधी समजावून बघायचा, मग चिडायचा. एके दिवशी त्यानं आपल्या पोरीचा फोटो बापाच्या हातात कोंबला. म्हणाला, "घ्या हिची शपथ. घ्या म्हणतो ना!"

तेवढ्यात छाया आली. रागावली की तिच्या तोंडी सटाण्याची अहिराणी येते. "हाऊ काय तमाशा शे? चालता व्हा बाहेर!" फोटो काढून शेखरच्या खिशात घातला आणि त्याला दाराबाहेर काढला. "माझ्या वॉर्डात शपथा घालायच्या नाहीत. उद्या शपथ मोडली की हा माणूस घरात तोंड लपवत फिरेल, आणि तोंड लपवायला पुन्हा विडीच लागेल."

मग लहानूआबाजवळ बसली. तोच प्रश्न. "आबा, सगळ्यात गोड विडी कुठली?"

आबा गप्प. ती पण गप्प बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तशीच बसली. एवढी बडबडी बाई, पण दुसऱ्याच्या तोंडून शब्द यायचा असला की मुकी होऊन बसते. मला तर बघूनच कंटाळा आला. तिसऱ्या खेपेला मी पडद्यापलीकडे डोळे मिटून पडलो होतो, तेव्हा आबा बोलला.

"सांजची. बांधावरची."

आणि मग हळूहळू सगळं आलं. धाकटा भाऊ गेणू. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या, मधल्या बांधावरून जुंपली. एक म्हणे तू कोरलास, दुसरा म्हणे तू. कोर्टात केस. आजूबाजूच्यांनी काड्या केल्या त्या वेगळ्याच. बोलणं बंद, लग्नकार्य बंद, या घरचं पाणी त्या घराला वर्ज्य. दोघांची फुलं एकाच टेम्पोत बाजारात जायची, पण क्रेट वेगळे, हिशेब वेगळे. तिकडं पोरं मोठी झाली, त्यांची नावंसुद्धा इकडं नीट माहीत नाहीत.

"एक दिस सांजचा वारा लय सुटला व्हता," आबा म्हणाला. "गेण्या त्याच्या बाजूला उभा. तोंडात विडी, अन् काडी काय पेटंना. पेटी सरली त्याची. मी माझ्या बाजूला. माझ्याकडं पेटी व्हती. काय झालं काय म्हाईत, मी काडी वढली अन् हात पुढं केला. त्यो वाकला. त्याची पेटली, त्याच काडीत माझी पेटवली. बोललो नाय. त्यो त्याच्या बाजूला बसला, मी माझ्या. विडी सरली, उठलो."

"मग?"

"मग रोज. एक दिस काडी माझी, एक दिस त्याची. एका काडीत दोन विड्या. वर्सं झाली ताई. शब्द नाय बोललो, पर सांज चुकली नाय."

छायानं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"डॉक्टर म्हणतो, इडी सोड नायतर जीव जाईल. अन् मी म्हणतो, इडी सोडली तर भाऊ जाईल. विडीबिगर त्यो बांधावर येईल कशाला? अन् मी तरी कोणत्या तोंडानं जाऊ? जीव काय, आज ना उद्या जायचाच हाय."

खोटं कशाला बोलू, पडद्याआड मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. इतकी वर्षं सिगारेट ओढली, पण धुरात कोणी एवढं मोठं काही जपून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. आणि छाया? मला वाटलं, आता ही बाई काहीतरी तयार उत्तर काढेल. तिनं आबाचा हात धरला आणि म्हणाली, "आबा, याचं उत्तर मला येत नाही." एवढंच. जिची नोकरीच उत्तरं द्यायची, तिनं असं सरळ सांगावं! मी तेव्हाच मनातल्या मनात तिला हात जोडले.

दोन दिवस ती तशीच येऊन बसत राहिली. शेवटी आबाच म्हणाला, "गेण्या हो म्हणला तर सोडीन. त्याला इचारल्याबिगर नाय."

बाईला इतका आनंद झाला की काय विचारता! घरातलं कोणी गेणूचा नंबर देईना, म्हणून तिनं फुलांच्या टेम्पोवाल्याकडून मिळवला आणि वॉर्डाच्या दारातूनच फोन लावला. सगळा वॉर्ड ऐकत होता.

"हॅलो, गेणूभाऊ का? हॉस्पिटलातून बोलतेय. तुमचे लहानूआबा आता सोडतायत हो. तुमचं नाव घेतायत. एकदा येऊन भेटून जा. आजच आलात तर बरं."

ठेवला फोन, आणि खुशीत लंगडत चहा प्यायला गेली. घाईत 'विडी' हा शब्द तेवढा राहून गेला. आता तुम्हीच सांगा, हृदयाच्या दवाखान्यातून बाई फोन करते, तुमचा भाऊ सोडतोय, तुमचं नाव घेतोय, एकदा भेटून जा. आपल्याकडं याचा अर्थ काय होतो?

दुपारी सगळ्यांना जेवणाचे डबे आले होते. बिनमिठाची खिचडी. आबा मांडी घालून ती चिवडत होता, गोजराबाई पायथ्याशी. एवढ्यात बाहेर आरडाओरडा. वॉचमन पास मागतोय आणि कोणीतरी ओरडतंय, "मरणाला पास लागतो का रं?" आणि दार ढकलून एक माणूस आत आला. डोक्याला टोपी नाही, पाय चिखलानं भरलेले, एका हातात प्लास्टिकची बाटली, दुसऱ्या मुठीत तुळशीची पानं. येताना रामकुंडावर थांबून त्यानं गंगेचं पाणी भरून आणलं होतं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मरणाऱ्याच्या तोंडात घालायला आणलं होतं त्यानं, भावाच्या.

गेणू खाटेपाशी आला आणि थांबला. आबाचा घास तोंडातच राहिला.

गेणूनं भावाकडं पाहिलं, खिचडीकडं पाहिलं, आणि भावाला नाही, मला विचारलं, "हा तर जेवतोय!"

मी म्हटलं, "हो. पण मीठ नाही त्यात."

कुठल्यातरी खाटेवरून कोणी फिस्सकन हसलं, पण लगेच गप्प झालं. कारण गेणूनं गंगेची बाटली खाटेवर ठेवली. तो आबाच्या खाटेच्या कडेला टेकला. दोघं हातभर अंतरावर, एकमेकांकडं न बघता. आबानं तोंडातला घास गिळला आणि मान जराशी पुढं करून तोंड उघडलं. गेणूनं मुठीतलं तुळशीचं एक पान काढून त्यात ठेवलं. एक शब्द नाही. एकानं हात पुढं केला, दुसरा वाकला. मला पडद्याआडून ऐकलेली ती काडी आठवली.

पुढं आबानं बाटलीकडं हात केला, आणि नेमकी तेव्हा छाया धावत आली. "ते नाही प्यायचं! इन्फेक्शन होईल!" बाटली हिसकावली, आणि मग तिला कळलं समोर कोण बसलंय आणि हातात काय आहे. चेहरा पांढराफटक पडला तिचा. एका राहून गेलेल्या शब्दानं आपण काय करून बसलो, हे कळून ती कानाला हात लावून म्हणत राहिली, "चुकले हो भाऊ, विडी म्हणायचं होतं मला, विडी!" मी नंतर तिला म्हटलंही, बाई, बरंच झालं, चुकीतूनच जमलं. तर माझ्यावर उखडली. म्हणाली, "रस्त्यात त्या माणसाचं काही झालं असतं म्हणजे? बरं झालं म्हणू नका."

त्या दिवशीचं बोलणं मात्र ऐकण्यासारखं होतं. दोघं शेजारी बसलेले, पण बोलायचे छायाशी.

"ताई, त्याला सांगा, मला सोडावी लागणार."

"बाई, त्याला म्हणावं, जीवापरीस इडी मोठी हाय का? सोड म्हणावं."

"त्याला इचारा, मग बांधावर?"

गेणूनं मान हलवली. मग तोच छायाला विचारायला लागला, "बरोबर हाय की. मग बांधावर येऊन करायचं काय आम्ही?"

छाया म्हणाली, "गेणूभाऊ, तुम्ही घरी ओढा नाहीतर सोडा, तुम्ही माझे पेशंट नाही. पण आबांच्या शेजारी ओढायची नाही, त्यांना सहन होणार नाही. एवढंच मला कळतं. बाकी तुम्ही दोघं."

गेणू उठला, बाटली न घेताच निघून गेला. येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणाला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते असं. त्या दिवसापासून आबा दाराकडं बघत पडलेला असायचा. विडी त्यानं सोडली होती. बदल्यात काय हातातून गेलं, हे अजून कळायचं होतं.

आबा घरी गेला, पाठोपाठ मीही. डॉक्टरांनी त्याला थोडं चालायची परवानगी दिली त्या दिवशी छायाचा मला फोन आला, मालगाडीच्या आधीच. "गार्डसाहेब, आज आबा पहिल्यांदा बांधावर जाणार. मी निघालेय." तिची रीतच ती. ज्याची गोड विडी ज्या घटकेची, त्या घटकेला ती फोनवर नाहीतर दारात हजर. मी म्हटलं, मला नेल्याशिवाय गेलीस तर याद राख. स्कूटरवर डबलसीट बसून निघालो, एक हृदयाचा पेशंट आणि एक गुडघ्याची. मखमलाबादच्या खड्ड्यांत स्प्रिंग निखळते की काय असं झालं.

आम्ही गोजराबाईच्या अंगणात थांबलो. समोर झेंडूचं पिवळंजर्द शेत, मध्ये तो बांध. कमरेइतकाही उंच नाही. याच्यासाठी एवढं! पलीकडं गेणूचं घर. ओट्यावर त्याची बायको सिंधुबाई सूप घेऊन बसलेली, पण पाखडत काही नव्हती. तीही तिकडंच बघत होती.

आबा हळूहळू चालत गेला आणि आपल्या बाजूला बांधाला पाठ टेकून बसला. पलीकडं कोणी नाही. ऊन उतरलं. आबा एकटाच. हात सारखा खिशाकडं जाई आणि परत येई. छायानं माझी बाही घट्ट धरली होती. मी म्हटलं, "जा ना, बोल काहीतरी त्याच्याशी." ती म्हणाली, "मी त्याचा भाऊ नाही." आणि डोळे पुसायला लागली. इतक्या वर्षांची सिस्टर, कितीतरी मरणं पाहिलेली, पण एका म्हाताऱ्याजवळ कोणी येऊन बसतं की नाही, याच्यासाठी तिचा जीव नुसता कासावीस झाला होता.

आणि गेणू आला. चालत आला, बघितलं नाही, आपल्या बाजूला बसला. पाठ बांधाला. मध्ये ती मातीची रांग.

जरा वेळानं त्यानं खिशातून पेटी काढली. छाया पुढं धावणारच होती, मी तिला मागं ओढलं. गेणूच्या तोंडात विडी नव्हती. हातातही नव्हती. नुसती काडी. त्या दिवशी पाळी त्याची होती, म्हणून तो काडी घेऊन आला होता. विडी नाही, बोलणं नाही, मग भावाकडं जायला दुसरं काय होतं त्याच्याजवळ?

त्यानं काडी ओढली, बांधावरून हात पलीकडं धरला. आबा वळला आणि सवयीनं वाकला. दोघांची तोंडं त्या काडीजवळ आली, आणि पेटवायला काही नाही. दोघं तसेच, जळत्या काडीकडं बघत. कोणी फुंकेना, कोणी हात मागं घेईना. काडी जळत जळत गेणूच्या बोटापर्यंत आली.

"आय गं!"

"फेक की येड्या!" आबा खेकसला.

मी जन्मात देव मानला नाही, पण त्या घटकेला मला काय झालं, मला सांगता येणार नाही. त्या बांधावर वर्षानुवर्षांनी पडलेला तो पहिला शब्द, आणि तो म्हणजे एक शिवी.

गेणू बोट चोखत ओरडला, "तू नको शिकवू! तू बांध कोरलास तवा नाय शिकवलं कोणी तुला?"

"मी कोरला? पावसानं गेला त्यो! डोळे फुटले व्हते का तुझे?"

"पावसानं एकाच बाजूनं जातो का बांध?"

जुंपली! कोर्टात जे वकील बोलत होते ते सगळं आता ते दोघं तोंडातोंडी बोलायला लागले, हातवारे करत, ढेकळं उचलून दाखवत. केस आजही चालू आहे, गैरसमज नको. पण आबा भांडता भांडता बांधावर चढून बसला होता, आणि गेणूही.

"माय वं!" छाया म्हणाली, आणि हसत हसत तिथंच अंगणात खाली बसली. गुडघा दुमडत नाही तिचा, तरी बसली.

गोजराबाई आवाज ऐकून घरातून धावत आली. "काय झालं? त्यांच्या छातीत दुखतंय का?"

"नाही मावशी," छाया म्हणाली. "भांडतायत. एकमेकांशी."

गोजराबाईनं तोंडावर हात ठेवला.  मग म्हणाली, "मी चहा टाकते. भाऊजींचाबी टाकते." आत वळली आणि उंबऱ्यावरच थबकली. परत फिरली, अंगणाच्या कडेला आली आणि बांधापलीकडं हाक मारली, "सिंधे! भाऊजी चहात साखर किती घेत्यात गं आता?"

सिंधुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. पदरानं तोंड झाकून ती उभी राहिली, मग तिकडून ओरडली, "बिनसाखरेचा, बाई! शुगर झालीया त्यांना, कधीची!"

"अगं बया," गोजराबाई म्हणाली, "अन् आम्हाला कोणी सांगितलंबी नाय." आणि रडत रडत चहा टाकायला आत गेली.